एकशे अडुसष्ट तासांतली चोवीस मिनिटं

देवाच्या नावात खंड पडत नाही, असं आमच्या गावात गेली अडतीस वर्षं दर माघात छापून येतं. ज्या प्रेसमध्ये ते छापतात तो मुरबाडचा प्रेस सोमवारी बंद असतो, त्यामुळे खंड न पडल्याची बातमी कधीकधी एक दिवस उशिरा पोचते.

यंदाच्या हरिनाम सप्ताहाचं पत्रक आलं तेव्हा राब भाजायला सुरुवात झाली होती. पुढच्या भाताची रोपं जिथं करायची, तेवढ्या तुकड्यावर शेणी, पाचोळा, गवत असे थर रचून ते पेटवतात. धूर सरळ वर जात नाही. बांधाबांधानं सरपटत गावात येतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. त्याच धुरात देवळापुढं मंडपाचे बांबू उभे राहतात, आंब्याच्या फांदीवर कर्णा चढतो आणि कोणीतरी दिवसभर "हॅलो, हॅलो" म्हणत स्वतःच्याच आवाजाची चौकशी करतो. इतरांना या वासानं भूक लागते म्हणे. मला राग येतो. माझा राग मोसमी आहे. मोहर गळेपर्यंत टिकतो.

मी देव मानत नाही. तीस वर्षं शहापूरच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवलं, आता घरी असते. माझं न मानणं गावाला माहीत आहे आणि गावानं ते संधिवातासारखं स्वीकारलं आहे. बाईंना आहे, काय करणार. तरी सप्ताहाच्या सातही दिवशी मी मंडपामागं बसून बिरड्याचे वाल सोलते, कारण आमच्या गावच्या महाप्रसादासारखं बिरडं दुसरीकडे मिळत नाही. माझी श्रद्धा तेवढीच आहे.

वैष्णवीची वेगळी होती. ती माझी विद्यार्थिनी, आमच्याच आळीतली. दोन वर्षांपूर्वी ती शहापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप, मग सहा चाळीसची एसटी. संध्याकाळी देवळात बायकांच्या भजनात टाळ. एकादशीला उपास, आणि उपासाच्या दिवशी हमखास एखादं यंत्र उघडून बसणं. पोट रिकामं असलं की हात थरथरत नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यांच्या घरातल्या फळीवर वर देव होते आणि खाली बंद पडलेले मोबाइल, तारा, वीज मोजायचा मीटर, तारा जोडायला डाग द्यायची कांडी आणि शहापूर स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेलं भंगार. आई एकच उदबत्ती लावायची, दोन्हींचं भागायचं. दसऱ्याला मीटरला झेंडूचं फूल असायचं.

मी तिला एकदा विचारलं होतं की, अगं, तू हातात मीटर घेऊन फिरणारी मुलगी, तुझं हे देवाचं कसं जमतं. तिनं तारेवरची नजर न काढता सांगितलं, "बाई, मीटर लावायला दोन टोकं लागतात. मला अजून एकच गावलंय."

तीस वर्षांत एवढं प्रामाणिक उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांनी तर नाहीच.

तिचं पहिलं यंत्र पाण्याचं. डोंगरापलीकडे भातसाचं धरण. त्याचं पाणी मुंबईला रोज जातं. आमच्या टाकीत ते दिवसाआड येतं, आणि येण्याची वेळ आधी कळवण्याइतके आम्ही मोठे नाही. वैष्णवीनं टाकीत एक तरंगता डबा सोडला. पाणी चढलं की तिच्या घरात घंटा वाजायची आणि ती दारात येऊन आळीला हाक मारायची. बायका पहिल्यांदा नळाची राखण सोडून शहापूरच्या बाजाराला निश्चिंत गेल्या. या कामासाठी तिचा सत्कार झाला नाही. टाकीजवळ स्टेज बांधण्याइतकी जागा नाही.

सप्ताहाचं यंत्र मात्र देवळासाठी होतं, म्हणून ते सर्वांना दिसलं. सप्ताहात सात दिवस एक वीणा चालू असते. ती खाली ठेवायची नाही, एकटी सोडायची नाही. कोणीतरी ती गळ्यात घेऊन देवापुढं उभं राहून नाम घेत राहायचं; दोन तास झाले की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. याला पहारा म्हणतात. पहाऱ्याची यादी असते आणि यादीत फक्त पुरुष असतात. का, हे विचारायची पद्धत नाही. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर पुढच्या पाळीचा माणूस यायचाच नाही. एका वर्षी बबनतात्या सकाळी सहाला उभे राहिले आणि दुपारी तीनपर्यंत वीणा उतरवायला कोणी आलं नाही. तात्या तेव्हा पासष्टीचे, दम्याचे. नऊ तास उभे होते. त्यांनी तक्रार केली नाही, उलट भाग्य म्हणाले. वैष्णवीला मात्र ते लागलं. तात्यांनी तिला लहानपणी टाळ धरायला शिकवलं होतं.

म्हणून तिनं डबा केला. प्लायवूडचा, वर भंगारातल्या वजनकाट्याचे लाल आकडे. प्रत्येक पहारेकऱ्याला एक कार्ड. वीणा घेताना कार्ड टेकवायचं, सोडताना टेकवायचं, डबा टिंग करून वेळ लिहून ठेवायचा. पाळी संपायच्या वीस मिनिटं आधी पुढच्या माणसाच्या फोनवर आपोआप घंटा जायची. वाशिंदच्या कारखान्यांत जाणाऱ्या मंडळींना हे लगेच कळलं. एक जण म्हणाला, "आता देवाच्या दारात पण पंचिंग आला." तरी पहिल्या चार दिवसांत एकही पाळी पाच मिनिटांवर लांबली नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माणसं वेळेवर नाम घेत होती.

कार्डं तिनंच केली, चौतीस. स्वतःसाठी एकही केलं नाही, कारण यादीत तिचं नाव नव्हतं आणि यादी मोडायची तिला इच्छाही नव्हती. तिची श्रद्धा असली की नियमांसकट असायची. माझा यावरून तिच्याशी एकदा वाद झाला होता. ती हसून म्हणाली होती की बाई, तुम्ही वाल सोला.

आता अण्णांकडे यायला हवं. अण्णा सप्ताह समितीचे अध्यक्ष. वाशिंदपासून इकडे जिथं जिथं नवी वसाहत होते, तिथली जमीन आधी अण्णांच्या हातातून जाते. माणूस वाईट नाही. फक्त रिकामी जागा दिसली की त्यांना तिथं स्वतःचा फोटो दिसतो. त्या वर्षीच्या कमानीवर विठोबा होता, पण अण्णांच्या खांद्याच्या उंचीचा. ड्रोननं फुलं उधळायची कल्पना त्यांचीच. त्यातली बरीचशी फुलं आमटीत पडली. मंडपात भिंतीएवढा पडदा लावला होता आणि पाच हात लांब बसलेल्या माणसांना कीर्तनकार त्यावर दिसत होते. वैष्णवीच्या डब्याला हार घालून, नारळ फोडून अण्णांनी त्याचं लोकार्पण केलं. आमचा सप्ताह डिजिटल झाला, असं त्यांनी माइकवरून सांगितलं. डबा कोणी केला, हे सांगायचं राहिलं. पत्रकावर "संकल्पना" या शब्दापुढं अण्णांचं नाव होतं.

डबा टिंग वाजला की लोक वळून बघत. अण्णांना ते फार आवडे. पाळी नसली तरी येता-जाता ते कार्ड टेकवायचे, आणि वैष्णवी मुकाट्यानं ती जास्तीची नोंद काढून टाकायची. त्यांची खरी पाळी रोज अकरा ते एक. त्या वेळी उजेड चांगला असतो.

पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला साहेब आले. कुठले साहेब ते सांगत नाही. दरवर्षी वेगळे असतात, भाषण तेच असतं. कमानीपाशी बेंजो सुरू झाला, फटाके लागले आणि मंडप उठला. टाळकरी उठले, पखवाजवाला उठला, हारांचं ताट घेतलेल्या बायका उठल्या. मी मागच्या बाजूला वालांच्या परातीशी होते. माझ्या समोर सरळ गाभारा दिसत होता. अण्णांच्या गळ्यात वीणा होती. त्यांनी एकदा कमानीकडे पाहिलं, एकदा देवाकडे. मग गळ्यातून वीणा काढली, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली, सवयीनं कार्ड टेकवलं, टिंग, आणि डब्याशेजारी बसलेल्या वैष्णवीला म्हणाले, "लक्ष ठेव गो जरा."

मी पाहिलं ते एवढंच. वैष्णवी खुर्चीकडे बघत राहिली. मंडपात दुसरं कोणी नव्हतं. वीणेची एक तार अजून हलत होती. तिनं हात ओढणीला पुसले, पदर खोचावा तशी ओढणी खोचली, देवाला हात जोडले आणि वीणा उचलून गळ्यात घातली. तिच्या मानानं पट्टा लांब होता. भोपळा गुडघ्यापाशी येत होता. एका हातानं तो वर धरून ती उभी राहिली आणि नाम घेऊ लागली. बाहेर साहेबांच्या नावाचा जयजयकार चालला होता, त्यामुळे आत कोणाचं नाव चाललं आहे हे फक्त मला ऐकू येत होतं.

देव न मानणाऱ्या बाईच्या हातातला वाल त्या वेळी थांबला होता, एवढं लिहिते. पुढं काही लिहीत नाही.

चोवीस मिनिटांनी सगळे परतले. सर्वांत आधी बबनतात्या. दम लागल्यामुळे ते कमानीपर्यंत पोचलेच नव्हते. त्यांनी वैष्णवीला वीणेसकट पाहिलं, दोन्ही हात जोडले, ते देवाला की तिला ते मला कळलं नाही, आणि खांबाला टेकून बसले. मागून अण्णा आले. वीणा तिच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली, टिंग केलं आणि साहेबांबरोबर फोटो काढला. तो फोटो अजून देवळात आहे. अण्णांचे डोळे भक्तीनं मिटलेले आहेत.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण अण्णांकडे पडदा होता, आणि पडद्यावर दाखवायला काहीतरी हवं होतं. काल्याच्या कीर्तनाआधी त्यांनी जाहीर केलं की सात दिवस म्हणजे एकशे अडुसष्ट तास, आणि तेवढाच पहारा झाल्याचा पुरावा आता यंत्र देणार. वैष्णवीनं त्यांना बाजूला घेऊन आधी एकदा आकडा बघा म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी हात हलवला होता. वायर जोडली गेली. भिंतीएवढ्या पडद्यावर, दूरच्या आंब्याखालूनही वाचता येईल अशा लाल अक्षरांत, एकूण पहारा उमटला: १६७ तास ३६ मिनिटे. खाली, यंत्राच्या स्वभावाप्रमाणे, कमी पडलेल्या चोवीस मिनिटांच्या आधीचं आणि नंतरचं नाव. दोन्ही अण्णांचीच.

मंडपातल्या सगळ्या माना पडद्याकडून अण्णांकडे वळल्या. मग मागून वाशिंदवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "अण्णा, लेट मार्क लागला का काय?"

देवळामागं बैठक बसली. बैठक म्हणजे अण्णा, समितीचे चार जण, वैष्णवी, तात्या, आणि परात घेऊन मी. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. चोवीस मिनिटांपुढं त्यांचं नाव भरायचं. वैष्णवी म्हणाली की ते येणार नाही. नोंद खोटी होईल, आणि ही नोंद देवापुढं लिहिलेली आहे. एका सभासदानं मग खंड पडला असं कबूल करून प्रायश्चित्त घ्यावं का, असं हळूच विचारलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी धार्मिक प्रश्न विचारला होता. त्याला गप्प केलं.

"खंड पडलाच नाय," वैष्णवी म्हणाली. "मी उभी होते."

अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझा नाव यादीत हाय काय?"

"नाय."

"कार्ड हाय?"

"नाय."

"मंग तू उभी नव्हतीस."

मी आयुष्यात पुष्कळ कार्यालयांत गेले आहे. पेन्शनसाठी मी जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी देते. पण माणूस समोर उभा असताना तो नव्हता, हे इतक्या कमी शब्दांत कुठल्याही कारकुनानं मला सांगितलेलं नाही. मी परात खाली ठेवली आणि म्हटलं की ती उभी होती, मी डोळ्यांनी पाहिलं, वीणा जमिनीला लागली नाही आणि नाम थांबलं नाही.

अण्णा अजिबात रागावले नाहीत. उलट मायेनं म्हणाले, "बाई, तुमी तर देव मानत नाय. मंग साक्ष कोणाच्या म्होरं देता?"

याचं उत्तर मी दोन वर्षं झाली, अजून शोधते आहे. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या देव मानत होते. यादीत त्यांचं नाव होतं, कार्ड होतं, आणि त्यांनी पाहिलं होतं. तात्या हातातली टोपी उलटी करून तिच्या आतली शिवण बघत बसले. वैष्णवीही त्यांच्याकडेच बघत होती.

मग अण्णा बाहेर गेले आणि माइकवर म्हणाले की यंत्रात बिघाड झाला आहे, पहारा पूर्ण एकशे अडुसष्ट तास अखंड झाला आहे. टाळ्या पडल्या. हंडी फुटली. काला वाटला गेला.

मला यातलं कोणतं वाक्य जास्त झोंबतं ते ठरवता येत नाही. पहारा अखंड झाला, हे खरंच होतं. ते ज्या मुलीमुळे खरं होतं तिला वगळून ते सांगितलं गेलं. आणि यंत्रात बिघाड, हे साफ खोटं. वैष्णवीला पहिल्याचं काहीच वाटलं नाही. ती माझ्या ओट्यावर येऊन बसली, डबा मांडीवर, आणि वरचा हार काढत म्हणाली की मी उभी होते ते ज्याला कळायचं त्याला कळलं. "पण डबा खोटा बोलला नव्हता, बाई. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच त्यानं लिहिलं. त्याला कशाला नाव ठेवायचं?" तिचे डोळे तेव्हा भरले. माणसांसाठी नाही भरले.

मी तिला म्हटलं, एक कार्ड स्वतःच्या नावाचं कर आणि ती नोंद घालून टाक, तुझा डबा, तुला कोण अडवणार. ती म्हणाली, कार्ड त्या वेळी नव्हतं, आता केलं तर तेही खोटंच. तिच्या देवाचे नियम अण्णांच्या देवापेक्षा कडक आहेत.

ती आता ठाण्याला शिकते, वसतिगृहात राहते. तिथल्या खिडकीत तुळस ठेवली आहे आणि तुळशीला आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं आहे. मी म्हटलं, मग तुझी पूजा यंत्रच करतं की. तर म्हणाली, पाणी यंत्र घालतं, नमस्कार मी करते. यंदा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी तिचा फोन आला. पहाऱ्याला माणसं येतात का, तात्यांचा दमा कसा आहे, एवढंच विचारलं. डब्याबद्दल विचारलं नाही. डबा तिच्या आईनं फळीवर देवाखाली ठेवला आहे.

तात्या त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले होते. राबाचा धूर दाटलेला, त्यांना बोलवत नव्हतं. पाणी प्यायले, बसले आणि दोन वर्षांनी म्हणाले, "बाई, मी बघितला होता."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात. त्यांनी फार विचार केलेला होता. बोललो असतो तर वाद झाला असता, काल्याच्या दिवशी मंडप फुटला असता, छत्तीस वर्षांचा सप्ताह मोडला असता. "खंड पडू नये म्हणून गप बसलो." नऊ तास वीणा पेलणारा माणूस. त्याला एक वाक्य पेललं नाही, आणि त्याचंही त्यानं पुण्य करून ठेवलं होतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांना खोकला लागला. मी पाठ चोळली. धूर आत येत होता म्हणून उठून दार लावलं.

हे तुम्ही तिला सांगा, असं मी म्हटलं आणि फोन लावून दिला. तात्यांनी फोन कानाला धरला, तिचा "तात्या, बोला ना" हा आवाज मला इकडे ऐकू आला. तात्यांनी तिला विचारलं की तिकडे जेवायला बरं मिळतं का. मग आशीर्वाद दिला आणि फोन मला परत केला.

पहाऱ्याची नोंद आता पुन्हा वहीत असते. यंत्रापेक्षा वही विश्वासाची, असं अण्णांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. वहीला हार घातला होता. यंदाचा सप्ताह परवा, शनिवारी सकाळी संपला. मी बुधवारी वाल सोलायला गेले होते, तेव्हा वही खांबाजवळच्या खुर्चीवर पडलेली दिसली, म्हणून चाळली. अक्षर सुरेख होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच हाताचं. शनिवार सकाळपर्यंतचे सगळे पहारे सह्यांसकट भरलेले होते, एकही मिनिट रिकामं नव्हतं. बुधवारचे तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.